डॉक्टर, किती टक्के?

स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या हाती पडतो. लॅबकडून पीडीएफ येते, ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि पुण्यातला भाचा किंवा अमेरिकेतला दीर त्यातले शब्द गूगलवर टाकून बघतो. पहिल्या कागदावर ‘ग्रेड ३’ असतं. काही दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या कागदावर ‘केआय-६७ : ७० टक्के’ आणि त्याखाली ‘ट्रिपल निगेटिव्ह’. अर्ध्या तासात घरभर एकच शब्द फिरू लागतो : ॲग्रेसिव्ह. डॉक्टरांची वेळ मात्र सोमवारची मिळालेली असते. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत त्या बाईच्या मनात जे चालतं आणि पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा पुन्हा जे चालणार असतं, त्याबद्दल हे प्रकरण आहे.

‘घाबरू नकोस’ या वाक्याचा इथे काही उपयोग होत नाही. भीती खरी आहे आणि तिला कारणही आहे. पण ती एकसंध वाटत असली तरी आत अनेक वेगवेगळे प्रश्न गुंतलेले असतात. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना उत्तर असतं, आणि ते उत्तर पुष्कळदा मनातल्या अंदाजापेक्षा बरं असतं. काहींना आज उत्तर नसतं, पण चार-सहा महिन्यांनी मिळणार असतं. ज्यांना कधीच पक्कं उत्तर मिळणार नाही असे थोडे उरतात. त्यांच्यासोबत राहायला शिकावं लागतं. आधी हे तीन ढीग वेगळे करायचे.

सुरुवात कागदापासून करू, कारण भीतीचा बराचसा भाग कागद चुकीचा वाचल्याने वाढतो. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी मूळच्या निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती झपाट्याने दुभंगतात, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यावरून १ ते ३ अशी ग्रेड ठरते. गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत किंवा शरीरात दूर कुठे आजार पोचला आहे का, यावरून स्टेज ठरते. ‘ग्रेड ३’ वाचून ‘तिसऱ्या स्टेजचा आहे म्हणे’ अशी बातमी सोसायटीभर पसरते, आणि कधी कधी ती बाई स्वतःही तेच धरून चालते. प्रत्यक्षात दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, काखेत किंवा दूर कुठे न पोचलेली गाठ ग्रेड ३ असली तरी पहिल्या स्टेजचीच असते. केआय-६७ चं तर याहून वाईट होतं. तो आकडा सांगतो की तपासलेल्या कर्करोग-पेशींपैकी किती टक्के पेशी त्या वेळी दुभंगण्याच्या तयारीत होत्या. त्यावरून ‘७० टक्के म्हणजे जगण्याची शक्यता ३० टक्के’ असा हिशोब मांडणारी माणसं आहेत. या आकड्याचा त्या हिशोबाशी काहीही संबंध नाही.

ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा आणि हर-टू नावाच्या प्रथिनाचा, असे तिन्ही ग्राहक सापडले नाहीत. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या आणि हर-टूवरची औषधं इथे कामाची नसतात. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगात हा प्रकार १० ते १५ टक्के आढळतो. भारतातल्या अभ्यासांत तो साधारण पाव ते एक तृतीयांश इतका दिसतो, शिवाय आपल्याकडे तो तुलनेने तरुण बायकांमध्ये बराच आढळतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या कुठल्याही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत बसलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी याच वाटेवर असतात. आपल्याला काहीतरी जगावेगळं झालंय, ही भावना निदान एवढ्या माहितीने तरी सैल व्हावी.

आता त्या ‘ॲग्रेसिव्ह’ गुणाची दुसरी बाजू. केमोथेरपीची बहुतेक औषधं दुभंगत असलेल्या पेशींवर घाव घालतात. जी गाठ झपाट्याने वाढते, तिच्यात अशा पेशी जास्त असतात, म्हणून ती औषधाच्या तडाख्यातही जास्त सापडते. आज ट्रिपल निगेटिव्ह गाठ दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजची असेल तर बहुधा आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम ठेवतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात जिवंत कर्करोग शिल्लक आहे का, हे तपासलं जातं. ‘कीनोट-५२२’ या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, नुसती केमो घेतलेल्या बायकांपैकी १०० मागे सुमारे ५१ जणींच्या स्तनात आणि काखेत आक्रमक कर्करोग उरलाच नव्हता. केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलेल्या गटात असं १०० मागे सुमारे ६५ जणींबाबत झालं. २०२४ मध्ये याच चाचणीचे पाच वर्षांचे आकडे आले : पहिल्या गटात १०० पैकी जवळपास ८२ बायका हयात होत्या, दुसऱ्यात जवळपास ८७.

हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. ज्यांच्या मनात ‘ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे संपलं’ असं बसलेलं असतं, त्यांना जुन्या उपचाराच्या गटातही दहातल्या आठ जणी पाच वर्षांनी हयात होत्या हे कुणी सांगितलेलंच नसतं. मात्र हे आकडे जसेच्या तसे उचलून आपल्या नावापुढे लिहायचे नाहीत. चाचणीतल्या बायका इतर बाबतींत तब्येतीने ठणठणीत असतात, त्यांच्यावर बारीक लक्ष असतं. आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि इम्युनोथेरपीचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. तरी आपल्या परिस्थितीतलंही काम झालं आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये सातशेहून अधिक बायकांवर झालेल्या चाचणीत, कार्बोप्लॅटिन हे जुनं आणि तुलनेने स्वस्त औषध केमोत जोडल्यावर ५० वर्षांपर्यंतच्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना स्पष्ट फायदा दिसला. २०२२ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष जगासमोर मांडले गेले. ‘माझ्या केमोत कार्बोप्लॅटिन आहे का, नसेल तर का नाही?’ हा प्रश्न कुठल्याही ऑन्कॉलॉजिस्टला बिनधास्त विचारण्यासारखा आहे.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टची वाट बघणं फार अवघड असतं. काहीच उरलेलं नसेल तर पुढचं चित्र खूपच चांगलं असतं. काही उरलं असेल तर पुन्हा तोच गोळा पोटात उठतो : म्हणजे औषध लागूच पडलं नाही? तसं नसतं. ‘कीनोट-५२२’ चाचणीत, ज्यांच्यात आजार शिल्लक राहिला त्यांच्यापैकीही पाच वर्षांनी १०० मागे ६५ ते ७२ बायका हयात होत्या. अशा वेळी ऑपरेशननंतर देण्याजोगी औषधंही आहेत. त्यातलं कॅपेसिटॅबिन हे गोळीच्या रूपात घरी घेता येतं.

स्तनाच्या कर्करोगाचं भाकीत किती बदलू शकतं, हे पाहायचं तर हर-टू पॉझिटिव्ह प्रकाराकडे बघावं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसचे डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या गाठींमध्ये हर-टूच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्या लवकर उलटतात आणि बायका लवकर दगावतात. त्या काळी हर-टू पॉझिटिव्ह हा अतिशय वाईट रिपोर्ट होता. मग त्याच प्रथिनावर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब आलं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि २००५ मध्ये सुरुवातीच्या स्टेजमधल्या चाचण्यांचे निकाल आले : आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर. २०१४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने त्याची कमी किमतीची आवृत्ती भारतात आणली. १९८७ सालच्या बाईच्या हातातला कागद आणि आजच्या बाईच्या हातातला कागद यांत तेच शब्द आहेत, पण पुढचं आयुष्य वेगळं आहे. इंटरनेटवर मात्र दोन्ही काळांतली माहिती शेजारी-शेजारी पडलेली असते आणि रात्री एक वाजता मोबाइल चाळणाऱ्या बाईला ती वेगळी करता येत नाही. पाच वर्षांचा कुठलाही आकडा निदान पाच वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचा असतो, बहुधा त्याहून जुन्यांचा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मग ‘डॉक्टर, खरं सांगा, किती टक्के?’ या प्रश्नाचं काय करायचं? जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचलं तेव्हा दिसलं, की निदानानंतर जगण्याचा मध्यक कालावधी आठ महिन्यांचा आहे. गूल्ड यांना संख्याशास्त्र चांगलं येत होतं. त्यांनी विचार केला : निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, पण उरलेल्या निम्म्यांचं काय? शून्याच्या अलीकडे कुणी जाऊ शकत नाही, पलीकडची बाजू मात्र कितीही लांबू शकते, आणि तरुण वय, लवकर निदान, चांगले उपचार यांमुळे आपण त्या लांबलेल्या बाजूला असण्याची शक्यता बरी आहे. १९८५ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि ते २००२ पर्यंत जगले. निदानानंतर वीस वर्षं. गूल्ड यांच्यासारखं सगळ्यांचं होत नाही आणि त्यांचाही तसा दावा नव्हता. मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते ती त्यांची विचारण्याची रीत. डॉक्टरांना ‘किती टक्के’ विचारण्याऐवजी असं विचारावं : माझ्यासारख्या गाठीच्या, माझ्या स्टेजच्या, माझ्या वयाच्या बायकांत चांगलं झालं तर काय होतं, वाईट झालं तर काय होतं, आणि बहुतेकींचं काय होतं? या तिन्ही उत्तरांतून पल्ला समजतो. एकटा आकडा मनात रुतून बसतो.

आकडा ऐकायचाच नाही, हाही निर्णय असू शकतो. ‘मला टक्के नकोत, पुढं काय करायचं तेवढं सांगा’ असं म्हणणारी बाई पळपुटी नसते. तिला आपल्या मनाची ताकद कुठे खर्च करायची ते कळलेलं असतं. अशा वेळी आकड्यांची जबाबदारी बहिणीने, नवऱ्याने किंवा जाऊबाईंनी घ्यावी. इंटरनेटवर वाचायचं काम घरातल्या एकाच माणसावर सोपवावं.

मात्र निर्णय तिचा हवा. आपल्याकडे उलटं होतं. केबिनच्या बाहेर नवरा किंवा मुलगा डॉक्टरांना गाठून म्हणतो, ‘तिला काही सांगू नका, खचेल.’ हे प्रेमापोटी असतं, त्याबद्दल शंका नाही. पण तिला कळतंच. हॉस्पिटलच्या दारावरची पाटी तिने वाचलेली असते, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी ती बोललेली असते. मग ती न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि नवरा गच्चीवर जाऊन. दोघं एकमेकांना सांभाळतात आणि दोघंही एकटे पडतात. ‘तुला कितपत कळायला हवंय?’ एवढं एकदा सरळ विचारलं, तरी घरातली कुजबुज बरीच थांबते.

याहूनही जास्त त्रास देणारी एक गोष्ट आहे : ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला. भेटायला येणारा प्रत्येक जण तो देतो, आणि त्यातून बाईला वाटू लागतं की आपण घाबरलो, रडलो तर आजार वाढेल. म्हणजे आधीच भीती, वर त्या भीतीची भीती. या समजुतीला एका अभ्यासाने मोठं बळ दिलं होतं. १९८९ मध्ये स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी प्रसिद्ध केलं की पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या ज्या बायका आधारगटात येत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. ८६ बायकांचा हा अभ्यास जगभर गाजला. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला आणि आयुष्यात फरक दिसला नाही. पुढे २००७ मध्ये स्पीगल यांनी स्वतःच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही एकूण रुग्णांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. कॅनडातल्या गटात आणखी एक गोष्ट दिसली होती : आधारगटात आलेल्या बायकांचं मन सावरलं आणि त्यांना वेदनाही कमी जाणवल्या. आधारगटात जायला हे कारण पुरेसं आहे. पण रडण्याने गाठ वाढत नाही आणि हसण्याने ती विरघळत नाही. हे प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावं असं मला मनापासून वाटतं. ज्या बाईचा आजार उलटतो, तिच्या मनोबलात काही कमी होतं म्हणून तो उलटलेला नसतो.

भीती बहुधा रात्री येते. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस तर डोळ्याला डोळा लागत नाही. यामागे पुष्कळदा एक साधं कारण असतं : उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने झोप उडते, जीव अस्वस्थ होतो, विचार धावू लागतात. पहाटे तीनला जो अंत समोर उभा राहिलेला दिसतो, त्यात त्या गोळीचाही वाटा असतो. गोळीची वेळ सकाळची करता येईल का, डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. आपल्या मनाने गोळी न थांबवता विचारावं, एवढंच.

औषधाने न जाणारी भीतीही असते. ऑस्ट्रेलियात प्राध्यापक फिलिस ब्युटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आजार उलटेल या भीतीने ग्रासलेल्या लोकांसाठी एक उपचारपद्धत बसवली. २०१७ मध्ये २२२ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले, आणि नुसत्या शिथिलीकरणाच्या व्यायामांपेक्षा तिचा परिणाम जास्त दिसला. मनात ‘परत येईल का’ हा विचार उगवणं थांबवण्याचा तिचा प्रयत्नच नसतो. विचार येऊ द्यायचा, त्याला ओळखायचं, त्याच्याशी वाद न घालता लक्ष पुन्हा हातातल्या कामाकडे वळवायचं, आणि आपल्याला काय मोलाचं वाटतं त्याप्रमाणे दिवस आखायचा, अशी तिची बैठक आहे. घरच्या घरी करण्याजोगी, काळजीवरच्या मानसोपचारात वापरली जाणारी आणखी एक रीत आहे. संध्याकाळची वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवायची. दिवसभरात मनात आलेलं एका वहीत टिपायचं आणि त्या वेळी ती वही उघडायची. डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न वेगळ्या पानावर, पैशांचे वेगळ्या पानावर, ज्याला उत्तर नाही ते शेवटच्या पानावर. लेकीबद्दलचा प्रश्न बहुतेक वह्यांत असतो : ‘तिलाही होईल का?’ त्याला उत्तर मिळू शकतं. ट्रिपल निगेटिव्ह आजारात बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवली जाते. दोष सापडला तर तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि पुढे काय करायचं त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत.

भूक-झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. तोही उपचाराचाच भाग आहे. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उपचार संपले की घरात पेढे येतात, आणि नेमकी तेव्हा भीती वाढते. हार्मोन पॉझिटिव्ह आजार असलेल्या मैत्रिणीला निदान रोजची गोळी असते. ट्रिपल निगेटिव्ह असलेलीला वाटतं, आता मला कुणी राखणदारच नाही. इथे या आजाराच्या बाजूचं एक सत्य आहे. टोरांटोत १,६०१ रुग्णांचा मागोवा घेतलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ट्रिपल निगेटिव्ह आजार उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त दिसला आणि त्यानंतर तो झपाट्याने उतरला. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात तो कमी असला तरी वीस-वीस वर्षं रेंगाळतो. म्हणजे या बाईने काढलेलं प्रत्येक वर्ष तिच्या पारड्यात पडत जातं. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा चौथ्या वर्षी तिला लागू नसतो. त्या वर्षी नव्याने विचारावं.

भीतीपोटी दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन मागणारी कुटुंबं खूप आहेत. कर्ज काढूनही करतात. १९९४ मध्ये इटलीतल्या दोन चाचण्यांचे निकाल आले. प्रत्येकीत बाराशेहून जास्त बायका होत्या. काही त्रास नसताना वारंवार स्कॅन-तपासण्या करून आयुष्य वाढलं नाही. म्हणून आजही नियमित तपासणी, डॉक्टरांनी हाताने तपासणं आणि वर्षाला मॅमोग्राफी यावरच भर असतो. अंगदुखीची प्रत्येक कळ मोजत बसण्यापेक्षा एक नियम बरा : नवीन दुखणं, खोकला, दम लागणं, डोकेदुखी दोन आठवड्यांत गेली नाही किंवा वाढत गेली तर दाखवायचं. काखेत, छातीवर किंवा स्तनात नवी गाठ लागली, अचानक जास्त दम लागला किंवा फिट आली, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

आणि काही जणींची भीती खरी ठरते. चौथ्या स्टेजच्या ट्रिपल निगेटिव्ह आजारात बहुतेकींच्या बाबतीत आयुष्याचा हिशोब थोड्या वर्षांत, कधी महिन्यांत करावा लागतो. नवी औषधं त्यात भर घालत आहेत, पण ‘पूर्ण बरं होईल’ असं डॉक्टर सहसा म्हणत नाहीत आणि म्हणूही नये. अशा घरात पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांची भेट शेवटासाठी राखून ठेवायची नसते. वेदना, दम, झोप, भीती या सगळ्यांवर ते केमो चालू असतानाच काम करतात. त्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो : येत्या काळात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय आहे? एखादी म्हणते, घरीच राहायचंय. एखादी म्हणते, बँकेची कागदपत्रं मुलीच्या नावे करायचीत. एखादी म्हणते, नोव्हेंबरात लेकाचं लग्न आहे, त्या दिवशी मला मांडवात उभं राहता यायला हवं. हे आधी सांगितलं तर केमोच्या तारखा मागेपुढे करता येतात, डोस बदलता येतो, रक्त आधीच भरून घेता येतं. सांगितलं नाही, तर डॉक्टरांपुढे ठरवण्यासाठी फक्त स्कॅन असतो.